पाडकाम करताना या चुका टाळा

इमारत पाडायची ठरली की पहिली चौकशी होते ती पोकलेन कधी येणार याची. नासाडी तिथूनच सुरू होते. यंत्र लागण्याआधी आतून काय काय सोडवून घेतलं, त्यावर राडारोड्याची पुन्हा वापरता येणारी खडी होणार की नुसता ढीग, हे ठरतं.

सगळ्यात नडतं ते जिप्सम. फॉल्स सिलिंग आणि पार्टिशनचे बोर्ड काँक्रीटबरोबरच चिरडले, तर त्यातलं सल्फेट खडीत उतरतं आणि ती वापरलेलं नवं काँक्रीट फुगून तडकू शकतं. तोच माल कचरा डेपोत गाडला, तर ओलाव्यात, हवा कोंडलेल्या जागी त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. म्हणून बोर्ड, लाकूड, प्लास्टिक आधी उतरवा, वेगळं ठेवा. राडारोडा दळून खडी करणाऱ्या क्रशरवाल्याने माल परत पाठवला, तर आधी ही भेसळ तपासा.

स्वच्छ काँक्रीटची खडी रस्त्याच्या थरात उत्तम चालते. नव्या काँक्रीटमध्ये घालताना मिश्रण लवकर घट्ट होत असेल, तर कारण बहुधा खडीला चिकटलेला जुना सिमेंटचा मसाला. तो पाणी शोषतो. खडी आधी भिजवून घ्या. वरून पाणी वाढवलं तर मजबुती जाते. भार पेलणाऱ्या कामासाठी चाचणी हवीच.

जुने सिमेंटचे पत्रे हातोड्याने फोडणं ही तर अक्षम्य चूक. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांनी होणारा कर्करोग कित्येकदा २०-३० वर्षांनी उघड होतो. तोवर तो मजूर कुठल्या साइटवर होता हेही कुणाला आठवत नाही. नमुना प्रयोगशाळेत तपासा. ॲस्बेस्टॉस निघालं तर प्रशिक्षित माणसांकडूनच पत्रे ओले करून अखंड उतरवा, प्लास्टिकमध्ये सीलबंद करा. क्रशरकडे एकही तुकडा जाता कामा नये.

धुळीचंही तसंच. ढिगावर पाइप मारून उपयोग नाही, काँक्रीट फोडणारा ब्रेकर जिथे लागतो तिथेच पाणी पडायला हवं. या धुळीतल्या सिलिकाने होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही, आणि फडक्याने ही धूळ अडत नाही.

आता पडझडीबद्दल. वरच्या मजल्यावरचा राडारोडा स्लॅबवरच साठवू नका. अखंड काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो असतं. त्याच्या तुकड्यांचा ढीग राहत्या घरासाठी बांधलेला स्लॅब पेलेलच असं नाही. माल रोज खाली उतरवा, खालच्या मजल्यांना टेकू द्या.

आणि आधार काढून घेतलेली भिंत रात्रभरही एकटी उभी ठेवू नका. ५ जून २०१३ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पाडकाम चालू असलेल्या इमारतीची अशीच निराधार भिंत शेजारच्या दुकानावर कोसळली. दुकान चालूच होतं. ६ जण तेव्हाच गेले, सातव्या व्यक्तीचा पुढे मृत्यू झाला. भिंत वरून खाली, थर उतरवत पाडा, आणि ती ज्या बाजूला पडू शकते तिकडची जागा काम संपेपर्यंत रिकामी करून घ्या.