पाटी बदलायचीय? आधी टेबलावर बसा

मी नॅशव्हिलला हॉटेलांच्या पाट्या आणि मेन्यू करते. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी क्रॅकर बॅरलची गोष्ट सांगते. १९६९ पासूनची ही इथलीच, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली हॉटेलांची साखळी. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी लोगोतला पिंपाला रेलून बसलेला म्हातारा काढला, नुसती अक्षरं ठेवली. लोक असे खवळले की आठवड्याभरात म्हातारा परत!

तर रंग निवडण्याआधी एक सकाळ तुमच्याच हॉटेलात जाऊन बसा. लोकांचा हात कशाकडे जातो ते बघा. क्रॅकर बॅरलमध्ये टेबलावर एक लाकडी तिकोनी खेळ असतो: पंधरा भोकं, चौदा खुंट्या. बिस्किटं येईपर्यंत आजोबा-नातू त्यातच गुंग. बाहेर व्हरांड्यात डोलखुर्च्या. असल्या वस्तूंच्या वाटेला जाऊ नका. कळकट दिवे, खचलेल्या गाद्या खुशाल बदला, कोणी रडत नाही.

ओरडा झालाच तर तक्रारी मोजत बसू नका, वाचा. "जेवण पूर्वीसारखं नाही" म्हणणारा बहुधा नेहमीचा. त्याला आधी फोन करा. नुसत्या चित्रावरून भांडणारा कदाचित दहा वर्षांत तिकडे फिरकलेलाही नसेल. आणि जुनी पाटी लगेच भंगारात देऊ नका हं.