कारल्याच्या प्रथिनाविषयीचे दावे कसे तपासावेत

‘कारल्याच्या बियांतील प्रथिनाने कर्करोगाच्या पेशी मरतात’ असे वाक्य वाचनात आले, तर ते थोतांड म्हणून झटकू नये आणि लगेच कारल्याचा रस काढायलाही बसू नये. ते प्रथिन कोणत्या कुळातले आहे, हे आधी पाहावे. पेशीत प्रथिने घडवण्याचे काम रायबोसोम करतात. कारल्यातील हे प्रथिन ज्या कुळात मोडते, त्यातील प्रथिने रायबोसोमच्या आरएनए साखळीतील एका ठरावीक जागचा अ‍ॅडेनिन हा घटक तेवढा तोडतात आणि तो रायबोसोम कायमचा निकामी होतो. एरंडाच्या बीमधील रिसिन नेमके हेच करते, हे एंडो आणि त्सुरुगी या जपानी संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवले.

त्यानंतर प्रथिनात साखळ्या किती, हे शोधावे, कारण खरी मेख तिथेच आहे. रिसिन आणि गुंजेतील अ‍ॅब्रिन यांना दोन साखळ्या असतात: एक पेशीच्या पृष्ठभागावरील शर्करेला चिकटून आत शिरायची वाट करून देते, दुसरी रायबोसोम निकामी करते. म्हणूनच सोनार जिने सोने तोलत, ती गुंज चावून खाल्ल्यास जिवावर बेतू शकते. कारल्यातील ते प्रथिन, म्हणजे मॅप-३०, मात्र एकाच साखळीचे आहे; पेशीत शिरायला त्याच्याकडे तशी सोय नसल्याने ते त्या मानाने बरेच सौम्य ठरते.

प्रयोग कशावर झाला, हेही वाचावे. काचपात्रातील पेशींवर घातलेले शुद्ध प्रथिन आणि ताटातली कारल्याची भाजी यांची तुलनाच होत नाही. निरोगी पेशींवर तीच मात्रा वापरून पाहिली होती का, हा प्रश्न अशा बातम्यांत बहुधा गाळलेला असतो.

औषध म्हणून विचार करताना या कुळातील प्रथिन कर्करोगाची पेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) जोडतात. अशा जोडीला इम्युनोटॉक्सिन म्हणतात. तिच्या चाचण्यांचे निष्कर्ष वाचताना दुष्परिणामांचा भाग आधी काढावा: केशवाहिन्यांतून द्रव झिरपून सूज येणे आणि शरीराने त्या परक्या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करणे, या दोन अडचणींनी बऱ्याच चाचण्या अडल्या. चीनमध्ये गर्भपातासाठी वापरले गेलेले याच कुळातील ट्रायकोसँथिन हे प्रथिन एचआयव्हीबाधितांना देऊन पाहिले, तेव्हा काहींच्या मज्जासंस्थेवर गंभीर परिणाम झाले.

सॅपोनॅरिया या वनस्पतीच्या बियांतील सॅपोरिन हे याच कुळातले प्रथिन मात्र प्रतिपिंडाला जोडून मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळांत नेहमी वापरले जाते, ते उंदरांच्या मेंदूतील निवडक चेतापेशी नष्ट करण्यासाठी.