फळीच्या टोकाला खड्डा पडू नये म्हणून

इलेक्ट्रिक रंधा मारताना फळी मध्ये छान सपाट होते, पण शेवटच्या दोन-तीन इंचांत खड्डा पडतो. बहुतेक वेळा दोष हाताच्या दाबाचा असतो.

१. फळी क्लॅम्पने घट्ट आवळा. कापाची खोली ०.५ मिमी ठेवा, शेवटच्या फेरीला त्याहूनही कमी.
२. रंध्याचा पुढचा तळ (पात्याच्या पुढचा सपाट भाग) फळीवर टेकवा, पातं लाकडापासून दूर ठेवून बटण दाबा. पूर्ण वेग आल्यावरच पुढे सरका.
३. सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर, मध्ये दोन्हींवर सारखा. पुढचा तळ फळीबाहेर जाऊ लागला की सगळा दाब मागच्या मुठीवर घ्या. पुढचा हात तेव्हा फक्त दिशा देतो.

तरीही खड्डा पडला तर पातं तपासा. आधी प्लग काढा. मागच्या तळावर सरळ स्टीलपट्टी ठेवून पात्याच्या भागावर पुढे येऊ द्या आणि लाकडी काडीने ड्रम (पातं बसवलेला फिरता दंडगोल) हळू फिरवा. पात्याची धार दोन्ही टोकांना पट्टीला जेमतेम घासली पाहिजे. पट्टी उचलली गेली तर पातं जास्त बाहेर आहे आणि टोकाचा खड्डा तिथूनच येतो. पातं बसवल्यावर सगळे स्क्रू पुन्हा आवळा. हे विसरणं फार महागात पडतं.

बटण सोडल्यावरही ड्रम काही सेकंद फिरत राहतो. तो पूर्ण थांबेपर्यंत रंधा खाली ठेवू नका आणि भुसा काढायला रंध्याच्या तोंडात बोट तर कधीच घालू नका.