तान्ह्या बाळाची वाकळ: एका लुगड्यात काय काय निघतं

घरात बाळ येणार म्हटलं की मराठवाड्यात आधी पेटी उघडली जाते. आजीचं नऊवारी लुगडं, आजोबांचं धोतर, विरत आलेली सुती साडी, यांतूनच बाळाचं पहिलं अंथरूण-पांघरूण निघतं. बाजारातली गुबगुबीत गादी दिसायला छान, पण एकदा भिजली की लवकर वाळत नाही, आणि तान्हं बाळ दिवसाकाठी दहा-बारा वेळा अंथरूण ओलं करतं. आपल्याकडे पाणी कमी, ऊन भरपूर. तेव्हा कापड असं हवं की थोड्या पाण्यात धुऊन निघेल आणि दोन-तीन तासांत कडकडीत वाळेल. वाकळ, म्हणजे जुन्या कापडाचे थर शिवून केलेली गोधडी, शिवताना चुकतं ते बहुधा इथंच. माया म्हणून थरावर थर चढवले जातात आणि वाकळ जड होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं हे काम बहुधा बाळाच्या आजीच्या वाट्याला येतं. एका वाकळीला आठ-दहा तासांची शिवण लागते. सातव्या महिन्यात सुरुवात केली तर रोज दुपारचा एखादा तास बसून चार वाकळी सहज होतात.

कापड निवडणं

शुद्ध सुती, निदान वर्ष-दोन वर्षं अंगावर वापरलेलं, पन्नासेक वेळा धुतलेलं कापड घ्यावं. नव्या कापडात खळ असते. ते टोचतं, पाणी शोषत नाही आणि पहिल्या धुण्यात आटतं. सुती की टेरिकॉट (पॉलिस्टर मिसळलेलं) हे हाताला कळत नसेल तर कापडावर पाण्याचा थेंब टाकून बघावं. जुन्या सुती कापडात थेंब लगेच पसरतो, टेरिकॉटवर मण्यासारखा थांबतो. तरी शंका राहिली तर काठाचे दोन धागे काढून काडीनं पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. मिश्र धागा वितळतो आणि टोकाला कडक गाठ राहते. असं कापड बाळाच्या अंगाखाली नको, कितीही मऊ लागलं तरी. घाम अंगातच मुरतो आणि पुरळ उठतं.

लाल, काळा आणि गर्द निळा रंग तपासून घ्यावा. पांढरा फडका ओला करून साडीवर जोरात घासला की रंग सुटतो की नाही ते कळतं. सुटला तर ती साडी बाजूला ठेवावी, आतल्या थरालाही वापरू नये. आतला रंगही लघवीनं भिजून वर येतो.

पैठणीच्या काठाचा मोह खूप जणींना होतो. जरीचे काठ बाळाच्या गालाला ओरखडतात. वाकळीला हौसेनं काठ लावायचाच असेल तर तो खालच्या बाजूला, बाळाच्या अंगाला लागणार नाही असा.

पेटीतल्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवलेल्या असतील तर ते कापड तान्ह्यासाठी घेऊ नये. डांबरगोळीचा अंश कापडात मुरतो. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं, आणि ते वरून कळत नाही. अशा बाळाच्या तांबड्या पेशी या वासानं फुटतात आणि कावीळ झपाट्यानं वाढते. दुसरं कापड नसेलच तर महिनाभर आधीपासून उन्हात घालावं, तीन-चार वेळा धुवावं आणि वास पूर्ण गेला तरच घ्यावं. पेटीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवलेला बरा.

निवडलेलं कापड रात्रभर गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मग कापायचं. आधी कापून मग धुतलं तर तुकडे वाकडेतिकडे आटतात.

कापायचा हिशेब

नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. दोन्ही काठ काढले की मीटरभर पन्हा, म्हणजे रुंदी, उरतो. वाकळीचा तुकडा ८० बाय ९५ सेंटिमीटरचा धरला तर कागदावर दहा तुकडे बसतात: तीन थरांच्या दोन वाकळी आणि चार थरांची एक. प्रत्यक्षात बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या भागात लुगडं झिजलेलं असतं. सात-आठ तुकडे चांगले निघाले तरी खूप झालं. झिजलेला तुकडा टाकू नये, आतल्या थराला तोच सगळ्यांत मऊ असतो. मात्र जिथं दंड घातलेला आहे, म्हणजे फाटका भाग काढून दोन टोकं जोडून शिवलेली आहेत, तो भाग वगळावा. ती जाड शिवण पाठीखाली टोचते.

पाच मीटरच्या सुती साडीतून मीटरभराची पाच दुपटी, नाहीतर ५० सेंटिमीटर चौरसाचे वीस लंगोट. धोतर पातळ असतं, त्याची बाळुती करावीत.

एकूण लागतं इतकं: लंगोट चोवीस, बाळुती दहा-बारा, दुपटी पाच, वाकळी चार. पावसाळ्यातलं बाळ असेल तर लंगोट आणि बाळुती दीडपट धरावीत, कारण ऊन नसलं की सगळा हिशेब कोलमडतो.

वाकळ शिवणं

तयार वाकळ ७५ बाय ९० सेंटिमीटर भरली पाहिजे. उन्हाळ्यातल्या बाळाला तीन थर, म्हणजे वर एक, खाली एक आणि आत एक. थंडीतल्याला चार, फार तर पाच. परभणीकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो हे खरं, पण तिथंही सहा थरांच्या एका वाकळीपेक्षा तीन थरांच्या दोन बऱ्या. एक भिजली तरी दुसरी कोरडी असते.

फरशी झाडून, पुसून कोरडी करायची. खालचा तुकडा उलटी बाजू वर करून पसरायचा आणि चारही कोपऱ्यांवर डबे ठेवायचे. आतले तुकडे चारही बाजूंनी अडीच सेंटिमीटर कमी कापायचे, म्हणजे कडा जाड होत नाहीत. ते मधोमध ठेवून तळव्यानं मध्याकडून कडेकडं सारखे करायचे. त्यावर वरचा तुकडा सुलट बाजूनं. मग हातभर दोरा घेऊन वीतवीतभर अंतरावर आडवे-उभे कच्चे टाके घालायचे. हे काम कंटाळवाणं, म्हणून बहुतेक जणी टाळतात. पण कच्चे टाके नसले की कडेकडून शिवत आत येताना वरचं कापड पुढं ढकललं जातं आणि शेवटी मधोमध फुगा उरतो. तो फुगा मग कशानंच बसत नाही, सगळं उसवावं लागतं.

कडेला वरचा आणि खालचा तुकडा दोन्ही आत दुमडून, दुमड समोरासमोर आणून बारीक टाक्यांनी बंद करायचे. त्यानंतर कडेपासून बोटभर आत पहिला धावदोरा. चौकोन पूर्ण झाला की पुढचा चौकोन दोन सेंटिमीटर आत, असं फिरत फिरत मध्याला यायचं. टाका अर्ध्या सेंटिमीटरचा. या हिशेबानं एका वाकळीत साधारण चौतीस मीटर शिवण होते. शंभर मीटरच्या दोऱ्यात दोन वाकळी बसतात.

दोरा सुतीच घ्यायचा. नायलॉनचा दोरा मजबूत म्हणून वापरतात, पण जुनं कापड मऊ आणि दोरा कडक, मग धुता धुता दोराच कापड कापतो आणि टाक्यांच्या रेषेवर वाकळ फाटते. एका वेळी दीड हातापेक्षा लांब दोरा घेऊ नये, गुंता होतो. दाभण, म्हणजे जाड मोठी सुई, इथं नको. मोठ्या माणसांच्या सात-आठ थरांच्या वाकळीला ती लागते, तीन थरांत तिनं भोकं पडतात. लांब, मध्यम जाडीची सुई पुरते.

दोरा ओढायचा तो कापड सपाट राहील इतकाच. दर चार-पाच टाक्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवावा, चुणी असेल तर लगेच हाताला लागते. ताणून शिवलेली वाकळ धुतल्यावर पापडासारखी आकसते. दोऱ्याची गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून घ्यायची. शिवायला घेतलेल्या सुया आणि टाचण्या मोजून ठेवाव्यात आणि उठताना पुन्हा मोजाव्यात. शिवून झाल्यावर पूर्ण वाकळ दोन्ही हातांत चुरगाळून बघावी.

अंथरताना खाली मेणकापड, त्यावर वाकळ, त्यावर चौघडी बाळुतं. मेणकापड बाळाच्या अंगाला थेट लावू नये. बाळुतं बदललं की वाकळ पुष्कळदा कोरडी निघते, धुणंही वाचतं. बाळ झोपवायचं ते पाठीवर, सपाट जागेवर. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. त्यात बाळाची मान पुढं वाकते आणि श्वास कोंडतो. उशी नको, तोंडाजवळ सैल कापडही नको. पांघरूण घालायचंच असेल तर छातीपर्यंत, हात बाहेर.

लंगोट आणि बाकीचं

५० सेंटिमीटरचा चौकोन कोनात दुमडला की त्रिकोणाची लांब बाजू सत्तर सेंटिमीटर होते. बाळाच्या कमरेभोवती फिरून पुढं गाठ मारायला तेवढी पुरते. कडा दुमडून शिवायच्या, पण एकदाच. दुहेरी दुमडीची जाड कड मांडीला घासते. गाठ मारताना पोटाशी दोन बोटं सहज गेली पाहिजेत. नाळ गळून पडेपर्यंत पुढची कड बेंबीच्या खाली दुमडून ठेवावी, नाळ उघडी आणि कोरडी राहते. मुलगा असेल तर जास्तीची घडी पुढं, मुलगी असेल तर मध्ये आणि मागं. सेफ्टी पिन लावू नये.

दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू नयेत. पाय सरळ राहावेत म्हणून आवळायची चाल अनेक घरांत आहे, पण त्यानं खुब्याचा सांधा नीट बसत नाही. वरचा भाग अंगासरशी, खालचा सैल. गुडघे बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत.

झबलं पुढं उघडणारं असावं, डोक्यावरून घालायचं नको. शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवाव्यात. जरा विचित्र दिसतं, पण बाळाची कातडी वाचते. नाडी गळ्याशी लावू नये, लावायची तर छातीशी आणि वीतभरापेक्षा लहान. टोपडं पहिल्या महिन्याला ३६ सेंटिमीटर घेराचं होतं, पण तिसऱ्या महिन्यात ते बसत नाही, म्हणून दोनच शिवावीत. बारशाला आत्या अंगडं-टोपडं आणणारच. एप्रिल-मेच्या उकाड्यात घरात टोपडं घालूच नये. बाळाची बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते आणि ती पडू द्यावी.

हातमोजे शिवले असतील तर रोज उलटे करून आतले सुटे धागे कापावेत. एखादा धागा बोटाला गुंडाळला गेला की रक्त थांबतं, बोट सुजून निळं पडतं आणि मोज्यामुळं कुणाला दिसत नाही. खरं तर नखं वेळेवर कापली तर मोज्यांची गरजच पडत नाही.

धुणं

शी लागलेलं कापड आधी गार पाण्यात खंगाळायचं. गरम पाण्यात टाकलं तर डाग पक्का बसतो. त्यानंतर साबण आणि गरम पाणी.

बोअरचं पाणी ही आपल्याकडची खरी अडचण. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट पांढरा चिकट साका कापडात बसतो. लंगोट कडक होतात, पाणी शोषत नाहीत, आणि तो साकाच मांडीला चावतो. पुरळ आलं म्हणून लोक साबण वाढवतात, पुरळ आणखी वाढतं. यावर दोन उपाय. बादलीभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आधी विरघळवून मग साबण लावायचा. नाहीतर दहा-बारा रिठे रात्री भिजवून, सकाळी कुस्करून, गाळून त्या पाण्यात धुवायचं. रिठ्याचा साका होत नाही. शेवटचं खंगाळणं मात्र नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करावं. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या भागात हे सांगायला जड जातं. पण एक बादली बाळाच्या कपड्यांसाठी वेगळी राखली तर पुरतं. आजचं शेवटचं पाणी उद्याच्या पहिल्या खंगाळण्याला वापरता येतं.

कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव लंगोटांना नको. त्यानं शोषण कमी होतं. जंतुनाशकाचीही रोज गरज नाही, कडक ऊन पुरेसं आहे. ओवा-वेखंडाच्या धुरीवर कपडे धरायची रीत आहे. धूर कापडात राहतो आणि बाळाच्या छातीत जातो. पावसाळ्यात कपडे दमट राहिले तर इस्त्री फिरवावी.

वाळत घालायला दोरीच घ्यावी. बाभळीच्या कुंपणावर टाकलेल्या दुपट्यात काटा राहतो आणि गवतावर पसरलेल्यात कुसळं अडकतात. तुरी, हरभऱ्याच्या मळणीच्या दिवसांत भुसा उडतो, तेव्हा मळणीच्या जागेपासून वारा येतो त्या बाजूला, नाहीतर घरातच वाळवावं.

घड्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत. विंचवाला वाकळीची घडी फार आवडते, विशेषतः पहिल्या पावसानंतर. फळीवर ठेवलेली असली तरी अंथरण्याआधी प्रत्येक वाकळ दोन टोकं धरून अंगणात झटकावी, रात्रीच्या वेळी तर दिव्याखालीच.