पॅथोफिजिओलॉजी पाठ होत नाही म्हणता? या चुका टाळा

"पेशंटच्या पायांवर सूज का आली?" असं विचारलं की कोल्हापुरातल्या माझ्या नर्सिंगच्या वर्गातून एका सुरात उत्तर येतं, "मॅडम, हार्ट फेल्युअर!" अगं, हे आजाराचं नाव झालं. सूज कशी आली ते कुठं सांगितलंत? आजारात शरीराचं काम नेमकं कसं बिघडतं, हे सांगणं म्हणजेच पॅथोफिजिओलॉजी.

नाव आणि लक्षणं पाठ करायची आणि मधली साखळी सोडून द्यायची, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. खरं तर महापूर बघितलेल्यांना ही साखळी सांगावीच लागू नये. नरसोबावाडीला कृष्णा तुडुंब भरली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं आणि शिरोळ तालुक्यातल्या उसात शिरतं. त्यात उसाचा काय दोष? तसंच हृदयाची डावी बाजू थकली की रक्त फुप्फुसांत तुंबतं, आडवं झालं की धाप लागते. तुंबारा उजव्या बाजूपर्यंत पोचला की मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजतं, पाय सुजतात. म्हणून आधी विचारा: अडलंय कुठं?

एवढ्यावर थांबणं ही पुढची चूक. मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचतं आणि त्यांची समजूत होते की अंगातलं पाणीच आटलंय. रेनिन नावाचं द्रव्य सुटतं, त्यामुळे अँजिओटेन्सिन तयार होतं, त्यानं अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, मीठ आणि पाणी अडवून धरलं जातं. म्हणजे मदतीला धावलेल्यानंच ओझं वाढवलं! एसीई इनहिबिटर, म्हणजे ही साखळी मधेच अडवणारी औषधं, कशासाठी देतात, हे इथं आपोआप उलगडतं.

मधुमेहात पोरी क्रम उलटा लिहितात: पाणी जास्त पितो म्हणून लघवी जास्त. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडं ती सगळी परत शोषू शकत नाहीत. साखर लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते, आणि मग तहान लागते. क्रम चुकला तर उद्या "पाणी कमी प्या" असा सल्ला द्याल.

रिपोर्टमधल्या एका आकड्यावर विसंबूही नका. कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे मधुमेहात इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचतं तेव्हा, रक्तातलं पोटॅशियम नॉर्मल किंवा वाढलेलं दिसतं, पण लघवीवाटे अंगातला साठा रिकामा होत आलेला असतो. इन्सुलिन सुरू झालं की उरलंसुरलं पेशींत शिरतं, रक्तातली पातळी घसरते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सलाईनवर नजर ठेवणारी तुम्हीच असणार आहात.

तापात हुडहुडी का भरते, तेही असंच. मेंदूनं तापमानाची पातळी वर सरकवलेली असते, त्यामुळे ३८ अंशालाही अंग गार वाटतं.

अडलात तर कोऱ्या कागदावर बाण काढा आणि प्रत्येक बाणाशेजारी "का?" लिहा. जिथं पेन थांबेल, तिथं पॅथोफिजिओलॉजीचं पुस्तक मिटून पहिल्या वर्षाचं फिजिओलॉजी, म्हणजे निरोगी शरीर कसं चालतं ते सांगणारं पुस्तक, उघडा. विकलं असेल तर ज्युनिअरकडून मागा.