गाजरगवताची ॲलर्जी असेल तर कोकण-केरळात फळं खाताना काय बघायचं

आमच्या लातूरकडं पावसाळ्यात बांधावर गाजरगवत फुललं की मला शिंका आणि डोळ्याची खाज सुरू होते, आणि त्याच दिवसांत खरबूज नाहीतर केळ खाल्लं की ओठ, टाळू खाजायला लागतात. कित्येक वर्षं मी दोन वेगळे आजार समजत होतो. पण परागकणातल्या प्रोटीनसारखंच प्रोटीन काही फळांत असतं, शरीर फसतं आणि फळावरच तुटून पडतं. गाजरगवताचं जवळचं नातलग असलेल्या रॅगवीडची ॲलर्जी ज्यांना असते त्यांना खरबूज, कलिंगड, काकडी, केळ ही फळं त्रास देतात हे डॉक्टर लोक चांगलं ओळखतात.

आता कामाचं. हे प्रोटीन बहुतेक वेळा नाजूक असतं, शिजवलं की मोडतं. म्हणून न शिजवलेलं केळ ज्याला खाजवतं त्यालाच केरळात केळ्याची भजी, म्हणजे पळमपोरी, बऱ्याचदा चालते, फणसाची भाजी, मुरंबा, जॅम पण चालतं. पण आंबापोळी-फणसपोळी बहुतेक उन्हात वाळवलेली असते, शिजवलेली नसते, ती कच्च्यातच धरा. आणि स्टॉलवरचा ज्यूस तर नकोच, कारण एका ग्लासात चार फळं कच्ची पोटात जातात आणि जार आधीच्या गिऱ्हाइकाचाच असतो. रिकाम्या पोटी, पेनकिलर घेऊन किंवा खाऊन लगेच गड चढायला निघालात तर रिॲक्शन वाढू शकते. नवीन फळ खायचंच असेल तर एक फोड खा, थांबा, आणि दवाखाना जवळ असलेल्या गावात खा, घाटात किंवा रात्रीच्या ट्रेनमध्ये नाही. आधी कधी मोठी रिॲक्शन आली असेल तर हा प्रयोग करायचाच नाही, आधी ॲलर्जीच्या डॉक्टरला दाखवायचं.

प्रत्येक खाज ॲलर्जी नसते बरं का. अननसानं जीभ कुणाचीही चुरचुरते, त्यात ब्रोमेलेन नावाचं प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं. आंब्याच्या चिकानं ओठाभोवती पुरळ येतं, तेही एक-दोन दिवसांनी, ते वेगळं प्रकरण आहे, आंबा बिब्ब्याच्याच कुळातला. देठाकडचा चीक धुवून साल दुसऱ्याकडून काढून घ्या. फुगा फुगवताना किंवा रबरी हातमोज्यानं खाज सुटत असेल तर केळ, पपई, किवी, ॲव्होकॅडो यांच्यापासून जपा, तिथं शिजवलं म्हणून चालेल असं धरू नका. काजूची ॲलर्जी असेल तर भाजलेला काजू पण तितकाच धोक्याचा, आणि कोकणात-केरळात तो ग्रेव्हीत, मिठाईत सगळीकडं असतो, विचारूनच खा.

तोंडातल्या तोंडात खाजायलं तर खाणं थांबवा, चूळ भरा, सहसा थोड्या वेळात उतरतं, सेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळीनं आराम पडतो. पण घसा आवळायला लागला, आवाज बदलला, गिळता येईना, दम लागला, अंगभर पित्त उठलं, उलट्या किंवा चक्कर आली तर सेट्रिझिन घेऊन वाट बघत बसू नका, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन सोबत असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या, लगेच १०८ ला फोन करा. माणसाला उभं करून चालवू नका, आडवं झोपवा, दम लागत असेल तरच बसवा. हे सगळं सोबतच्या लोकांना गाडीत बसायच्या आधीच सांगून ठेवा, तेव्हा तुम्हाला बोलता येईलच असं नाही.