पोस्ट-पंक बँड उभा करताना: बेस पुढे, गिटार मागे

पोस्ट-पंक म्हणजे १९७० च्या दशकाच्या शेवटी पंक रॉकमधून निघालेलं, जास्त प्रयोगशील संगीत. सुरुवात तिघांनी करा: बेस गिटार, ड्रम, गिटार. गायचंही यातल्याच एकाने. चौथा आला की रिकाम्या जागा भरायची घाई होते. शास्त्रीय गायक ज्याला 'जागा' म्हणतात ती वेगळी. इथली जागा म्हणजे जिथे कुणीच काही वाजवत नाही.

चाल बेसवर बांधा. तारा नव्या, राउंडवाउंड (वर गोल तार गुंडाळलेल्या, खणखणीत आवाजाच्या), ४५-१०५ गेजच्या, म्हणजे जाडीच्या. बोटांऐवजी पिक (तार छेडायचा छोटा तुकडा), तोही ब्रिजजवळ, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथे. वरच्या सुराच्या दोन तारांवर सातव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या पट्टीच्या) पुढे खेळा. जॉय डिव्हिजन या इंग्लिश पोस्ट-पंक बँडचा बेसवादक पीटर हुक तिकडे वळला, कारण त्याच्या साध्या ॲम्पवर खालचे सूर त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हते. गिटारला जाड डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) दिलंत की हीच चाल झाकली जाते. म्हणून गेन (आवाज फाडणारा नॉब) अगदी कमी, ॲम्पचा बेस नॉब अर्ध्याखाली, पूर्ण कॉर्डऐवजी दोन-तीन तारांचे तुकडे. डिले, म्हणजे सुराचा प्रतिध्वनी किती वेळाने यावा, अंदाजाने लावू नका: ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला ठोके). १५० बीपीएमला एक ठोका ४०० मिलिसेकंदांचा, त्याचा पाऊणपट ३००.

ड्रमरने पहिला महिना क्रॅश (मोठी झांज) घरीच ठेवावा. पुण्यात ताशावाला शोधावा लागत नाही, पण ताशा आणि स्नेअर (ड्रम सेटमधला कडक आवाजाचा ड्रम) दोन्ही एकदम कडाडले की शब्द मरतात. ताशा हवाच असेल तर स्नेअरच्या खालच्या तारा लिव्हरने सोडा.

प्रयोगासाठी महागडा सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) नको. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, २७ मिमीची पिझो डिस्क (कंपनांचा विजेचा सिग्नल करणारी चकती) आणा, बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारातून पत्र्याचा डबा. शील्डेड वायरचा मधला गाभा डिस्कच्या पांढऱ्या भागाला, जाळी पितळेला, दुसऱ्या टोकाला मोनो जॅक. सोल्डरिंग दोन सेकंदांत आटपा, नाहीतर पांढऱ्या भागावरचा चांदीचा थर उचकटतो. डिस्क डब्याला घट्ट चिकटवा. ही सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडली तर आवाज किरटा येतो, कारण पिझोला सुमारे १ मेगाओहमचं इनपुट लागतं. मध्ये बफर (असं इनपुट देणारं सर्किट) असलेला गिटार पेडल टाका. तरीही गुणगुण आली तर सगळे ॲम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच. ऐकू नका, शॉक जिवावर बेतू शकतो.

सरावाच्या खोलीत आधी गायकाचा माइक शिट्टी मारेपर्यंत वाढवा, मग थोडा उतरवा. बाकी सगळे त्याच्या खाली.

शब्दांना पुणेरी पाटीचा बाज जमतो: तुटक, कोरडा, माफी न मागणारा. यमक जुळवत बसलात तर भावगीत होतं.

प्रत्येक सराव फोनवर रेकॉर्ड करा. फोन ड्रमपासून दूर, नाहीतर आवाज फाटतो. आठ-दहा सरावांनंतर सगळं सलग ऐका आणि प्रत्येक गाण्यातून एक वाद्य किमान आठ मात्रा गप्प करा. बँड बदलतो तो इथे. नवे पेडल घेऊन फक्त खर्च बदलतो. दोघांनी वाद्यं बदलून एक सराव जरूर करावा. अनाडी हात अनेकदा नेमकी हवी ती चाल देतो.

पहिल्या गिगला पाच-सहा गाणी, पंचवीस मिनिटं. उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री १० नंतर स्पीकर बंद. म्हणून डब्यावरचं लांबलचक गाणं शेवटी ठेवू नका, तिसरं घ्या.